फुलीशेजारचा माणूस

१

आमच्या ह्यांना वस्तू निवडायला वेळ लागतो. घरात पंखा घ्यायचा होता तेव्हा ह्यांनी दुकानातले सगळे पंखे एकेक करून लावायला सांगितले, प्रत्येकाखाली उभे राहिले आणि शेवटी पहिलाच घेऊन आले. त्यामुळे रायफलीच्या दुर्बिणीचं काम दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत लांबलं, तरी घरात कोणाला नवल वाटलं नाही.

ह्यांचं नाव रुपचंद. मूळ गाव भडगावकडचं, पण नोकरी भुसावळच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत झाली आणि घरही इथेच गावाच्या कडेला बांधलं. तरुणपणापासून नेमबाजीचा नाद. रायफलीचा परवाना आहे. निवृत्तीनंतर दोनच कामं उरली. एक, लांबच्या कागदी निशाणावर स्पर्धेसाठी सराव. दुसरं, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून बोलावणं आलं की रीतसर परवानगी काढून पिकात घुसणारी रानडुकरं मारायची.

त्या बाजूला बिजला पावरा म्हणून एक शेतकरी आहे. गेल्या वर्षी हे त्याच्या मक्याच्या बांधावर बसून आले आणि एकही गोळी न झाडता परतले. दुर्बिणीच्या आत बुरशी धरली, काही दिसलं नाही, असं सांगितलं. डुकरांनी मका आडवा केला. बिजला आणि त्याची बायको गुंताबाई ऊस तोडायला गुजरातेत गेले. यंदा त्यानं पुन्हा मका लावला होता आणि अधूनमधून त्याचा फोन यायचा. "भाऊ, डुकरेस्नी मांगे बठ्ठा मका खाई टाका. यंदा तरी या." हे त्याला येतो म्हणून शब्द देऊन बसले होते.

म्हणून नवी दुर्बीण. जळगावचा ओळखीचा दुकानदार एकेक नग बघायला पाठवायचा. हे गच्चीच्या कठड्यावर सागवानी ठोकळा ठेवायचे आणि दुर्बीण त्यावर बांधायचे. नुसती दुर्बीण. रायफल गच्चीवर कधी आली नाही. आधी बघायचं, खात्री करायची, मग घोड्यावर बोट. हे वाक्य आमच्या भूषणनं पाढ्यांच्याही आधी पाठ केलं होतं. भूषण आमचा एकुलता एक. दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटी इलेक्ट्रिशियन आहे. होता.

आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसतात. त्यांच्या अलीकडे राखेच्या तळ्याचा लांबलचक बंधारा, करडा. ऊन उतरलं की हे तिकडे दुर्बीण लावायचे. मी त्याच सुमाराला उन्हात टाकलेल्या गोधड्या आणायला वर जायची, मग मलाही बघायला लावायचे. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांचा माझ्या डोळ्यावर फार भरवसा.

त्यामुळे मलाही थोडं कळायला लागलं. नुसतं जवळचं दिसलं म्हणजे दुर्बीण चांगली नसते. दिवस मावळताना ती किती उजेड धरते ते बघायचं. डोळा काचेपासून चार बोटं लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसलं पाहिजे, नाहीतर गोळी सुटतानाच्या धक्क्यानं भुवई फुटते. मध्ये बारीक रेषांची फुली असते. डोळा इकडेतिकडे हलवला तरी ती निशाणावरून सरकता कामा नये. आणि नळीवरचं कडं फिरवलं की समोरचं सगळं मोठं होतं, फुली मात्र तेवढीच राहते, कारण ती बाहेर नसतेच. ती नळीच्या आत असते.

भूषण हसायचा. "पप्पांना दुर्बीण नाही, सून बघायचीय. म्हणून एकही पसंत पडत नाही."

हेही हसायचे आणि दुर्बीण खोक्यात घालून परत पाठवायचे.

२

त्या दिवशी आलेली दुर्बीण आधीच्यांपेक्षा भारी होती. ह्यांनी बराच वेळ बघितलं, मग बाजूला झाले आणि कठड्याला पाठ टेकून उभे राहिले. मी गोधडी खांद्यावर टाकली आणि डोळा लावला.

चिमणी दिसली, तिचे तांबडेपांढरे पट्टे दिसले. खाली बंधारा. बंधाऱ्यावर, फुलीच्या जरा डावीकडे, एक माणूस पाठमोरा उभा होता.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. असेल कोणी राखवाला. मी कडं फिरवलं. चिमणी मोठी झाली, तिच्यावर चढायची लोखंडी शिडी दिसायला लागली, बंधाऱ्यावरची वाळकी झुडपं दिसली. माणूस तेवढाच राहिला.

मी कडं मागे फिरवलं. चिमणी लहान झाली. माणूस तेवढाच. आता तो बंधाऱ्याच्या मानानं इतका मोठा दिसत होता की मला हसूच आलं. काचेवर काहीतरी पडलंय म्हणून मी पदरानं काच पुसायला गेले, तर ह्यांनी माझा हात धरला. पदरानं काच पुसायची नाही हे मला माहीत होतं, पण त्यांनी तेवढ्यासाठी हात धरला नव्हता. बोटं थंडगार होती.

"हीसुद्धा नको," म्हणाले.

रात्री स्वयंपाक करताना मी स्वतःला समजावलं. फुली नळीच्या आत असते म्हणून वाढत नाही. तसाच आत एखादा डाग असेल. डाग म्हटलं की सगळं जुळत होतं. फक्त त्या डागाला दोन पाय होते. एका पायावर भार टाकून, दुसरा जरा सैल सोडून तो उभा होता, कोणाची तरी वाट बघत थांबावं तसा.

३

पुढच्या दुर्बिणीतही तो होता. त्याच्या पुढच्या, आणखी भारी दुर्बिणीतही. काच जितकी चांगली, तितका तो स्वच्छ. आता त्याच्या पाठीवर काहीतरी पांढरट, आडवं दिसायला लागलं होतं, डावीकडे उतरतं. उपरण्याचं टोक असेल किंवा पिशवीचा पट्टा. मी कधी उजव्या डोळ्यानं बघायची, कधी डाव्या. ऑपरेशन उजव्याचं झालेलं. तो दोन्हींनी दिसायचा. नुसत्या डोळ्यांनी बंधाऱ्याकडे बघितलं की तिथे कोणी नसायचं.

मी ह्यांना काही विचारलं नाही. बायकोच्या डोळ्यात पुन्हा काहीतरी निघालं म्हणून ते काळजी करतील असं वाटलं. एवढंच होतं की मी काचेपासून दूर झाले की ते माझ्या तोंडाकडे बघायचे. आधी कधी बघायचे नाहीत.

एका संध्याकाळी भूषण ड्यूटीवरून लवकर आला आणि चहाचा कप घेऊन वर आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की काय रे, तुमच्या त्या राखेच्या बंधाऱ्यावर लोक उभे असतात का? तो म्हणाला, तिकडे कोण जातंय, राखेत गुडघ्यापर्यंत पाय रुततो. मग वाकून त्यानं दुर्बिणीत बघितलं. कडं पुढे-मागे फिरवलं. त्याचा कप मी हातात धरला होता.

"मस्त आहे की," तो म्हणाला. "शिडीच्या पायऱ्या मोजता येतात. घेऊन टाका पप्पा, किती छळता त्या दुकानदाराला."

"बंधाऱ्यावर काय दिसतं?" ह्यांनी विचारलं.

"राख."

तो कप घेऊन खाली गेला. जिन्यात त्याची शीळ ऐकू येत होती. मग ती थांबली.

"तुलाही दिसतो ना," हे म्हणाले.

मी कोण म्हणून विचारलं नाही. नुसती मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. गेल्या वर्षी जुन्या दुर्बिणीत बुरशी नव्हती. बिजलाच्या शेतात डुकरं समोर आली होती, पण फुलीशेजारी माणूस उभा होता, म्हणून घोड्यावर बोट ठेवलं नाही. दुर्बीण खाली केली की तिथे कोणी नाही, वर केली की आहे. तेव्हापासून ते उजेड, रेषा, डोळ्याचं अंतर हे काही बघत नव्हते. ज्यात तो नाही अशी काच शोधत होते.

"भूषणला नाही दिसला," ते म्हणाले. त्यांना त्याचा धीर वाटत होता. तरुण डोळे. याचा अर्थ आपल्याच दोघांच्या डोळ्यांत काहीतरी दोष.

मी हो म्हणाले. पण रात्रभर माझ्या मनातून ते गेलं नाही. तो पाठमोरा होता. स्वतःची पाठ माणसाला कधी दिसते?

४

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोघांचे डोळे तपासले आणि चांगले आहेत म्हणाले. हे त्यांना दुर्बिणीचं काही बोलले नाहीत. मीही नाही.

तोपर्यंत बिजलाचा मका कणसाला आला होता. एक दिवस हे दुर्बीण आणि रायफल घेऊन भडगावला गेले. गिरणा नदीच्या बाजूला त्यांच्या चुलतभावाचं पडीक शेत आहे, मागे मातीचा उंच ढिगारा. परवानगीनं तिथे कागद लावून दुर्बीण रायफलीशी जुळवतात. मी बरोबर गेले. तिथे राख नव्हती, बंधारा नव्हता, चिमण्या नव्हत्या. कागदाच्या डावीकडे तो मात्र उभा होता.

हे पालथे पडून बघत होते. मी मागे, कानात कापूस घालून. त्यांनी कितीतरी वेळ लावला. मग गोळी झाडली. मी डोळे घट्ट मिटले होते. उघडले तर हे आणखी बघतच होते. दुसरी झाडली, आणि तिसरी जरा डावीकडे धरून. ती कागदावर नव्हती धरली. मला कळलं कशावर धरली ते.

उठले तेव्हा त्यांचा चेहरा खूप दिवसांनी मोकळा झाला होता.

"काहीच नही शे," म्हणाले. लहानपणीची बोली त्यांच्या तोंडात घाबरल्यावर किंवा फार आनंद झाल्यावरच येते. "गोळी त्याच्यातून गेली. मागच्या मातीत लागली. तो आहे तसा उभा. जो वाढत नाही, त्याला गोळी लागत नाही. सरळ हिशोब आहे."

कागदाला भोकं पडली होती. कागदाच्या डावीकडे ढिगाऱ्यातही एक भोक होतं. मी त्यात बोट घालून बघितलं. नुसती माती.

परतीच्या वाटेवर ते बोलत होते. कडं फिरवून बघायचं, तो वाढला नाही की सोडून द्यायचं, काचेवर बसलेल्या डासासारखं. मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. एका माणसाला दिलेला शब्द होता, आणि गेल्या वर्षी गुंताबाई ऊसतोडीच्या ट्रकमध्ये चढताना मी बघितली होती.

पण आठवड्याभरात ह्यांनी ती दुर्बीणही परत केली आणि एक साधी, जुन्या पद्धतीची घेतली. तिला कडंच नव्हतं. एकाच शक्तीची, कमी काचा, त्यामुळे अंधुक उजेडात जास्त स्वच्छ, मजबूत, बिघडायला काही नाही. हे सगळे तिचे गुण त्यांनी मला सांगितले आणि ते खरेही होते. मी विचारलं, मग तो वाढतो की नाही हे कसं बघणार?

ते रायफलीला तेल लावत होते. मान वर केली नाही.

"मला आता रोज ते बघायचं नाही," म्हणाले. "कडं असलं की हात जातोच. नाही वाढत म्हणून एकदा कळलं ना. पुरे झालं."

पंख्याला इतका वेळ लावणारा माणूस. ते थकले होते. मीही थकले होते.

बिजलाकडे भूषण बरोबर येणार होता, नेहमीसारखा, सामान धरायला आणि गाडी चालवायला. मी म्हटलं तू नको येऊस. कारण विचारलं तर मला सांगता येईना. तेव्हा मी माझ्या परीनं करता येईल ते केलं. सायकलच्या दुकानातून पिवळी रेडियमची पट्टी आणली आणि त्याच्या कामाच्या जाकिटावर मागच्या बाजूनं शिवली, म्हणजे तो कुठेही असला तरी ह्यांना लांबून दिसेल. जाकीट जाड होतं. शिलाई मशीनखाली कापड सरकत होतं.

भूषणनं घालून बघितलं आणि आरशाकडे मान वळवली. "आई, पट्टी तिरकी झाली."

"राहू दे रे," मी म्हटलं. "पाठ कोण बघतंय."

ह्यांनीही बघितलं आणि बरं केलंस म्हणाले. पट्टी पिवळीधमक होती. दुर्बिणीतलं ते पांढरट होतं. माझ्या मनात दोन्ही एकदाही शेजारी शेजारी आलं नाही.

५

बिजलाकडे मीही हट्टानं गेले. गुंताबाईनं भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. मका उभा होता, माणसापेक्षा उंच, पानं एकमेकांवर घासत होती. शेताच्या पलीकडे डोंगराचा उतार, म्हणजे गोळी मातीतच जाणार. ह्यांनी वरच्या बांधावर जागा धरली. भूषण आणि बिजला मागे, उजव्या हाताच्या विहिरीपाशी बसणार होते. ह्यांनी दोघांना बजावलं, मी शीळ घातल्याशिवाय कोणी उठायचं नाही. भूषण म्हणाला, पप्पा, मला पाढे येतात. बिजला हसला.

मी ह्यांच्या मागे हातभर अंतरावर बसले. मागे विहिरीकडे वळून बघितलं तर दोघं बसलेले दिसत होते. पट्टी दिसत नव्हती, भूषणचं तोंड आमच्याकडे होतं म्हणून. मला बरं वाटलं. तोंड दिसतंय तोवर बरं, असं काहीतरी मनात आलं आणि का आलं ते कळलं नाही.

सूर्य डोंगरामागे गेला. रंग एकेक करून निघून गेले. आधी मक्याचा हिरवा गेला, मग मातीचा तांबडा. थोड्या वेळानं सगळं त्या बंधाऱ्यासारखं करडं झालं.

मक्यात खसखस झाली. एकाच जागी नाही, रुंद. कणसं मोडल्याचा आवाज. ह्यांनी गाल रायफलीला लावला. श्वास सावकाश झाला.

"आहे का तो?" मी कुजबुजले.

"आहे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे. नेहमीच्या जागी. डावीकडे." त्यांचा आवाज शांत होता, घरातल्या जुन्या कपाटाबद्दल बोलावं तसा. "बरोबर त्याच्या मागून डुक्कर निघतंय. मोठं आहे."

मी विहिरीकडे वळून बघितलं. बिजला एकटा बसला होता.

नंतर बिजलानं सांगितलं ते एवढंच. भूषण बसल्या जागी एकदम ताठ झाला, आईनं हाक मारली म्हणाला, आणि उठून मक्याच्या कडेनं चालत गेला. बिजलानं त्याला धरायला हात पुढे केला, पण मोठ्यानं बोलायचं नव्हतं. मी हाक मारली नव्हती. तोपर्यंत तरी नाही.

मी समोर बघितलं. नुसत्या डोळ्यांनी. मक्याच्या कडेला कोणीतरी पाठमोरं उभं होतं, एका पायावर भार टाकून, वाट बघत थांबल्यासारखं. पाठीवर एक आडवी पट्टी. त्या उजेडात ती पिवळी नव्हती, पांढरट होती. डावीकडे उतरलेली.

"अहो," मी म्हणाले.

लग्नाला इतकी वर्षं झाली, मी ह्यांना दिवसातून कितीदा तरी अहो म्हणते. चहा झाला, अहो. फोन वाजतोय, अहो. दुसरा शब्द तोंडात आलाच नाही. ह्यांनी मान न हलवता डावा हात जरासा वर केला. गप्प बस म्हणून.

तो मला दुर्बिणीशिवाय दिसत होता.

६

हे आता खालच्या खोलीत बसून असतात. रायफल पोलिसांत जमा झाली. लोक येतात, अपघात म्हणतात, समजूत घालतात. हे कोणाला काही सांगत नाहीत. मला एकदाच म्हणाले, "कडं असतं तर." तेवढंच. मी म्हटलं, जेवून घ्या.

बिजला आणि गुंताबाई एकदा येऊन गेले. दाराशीच बसले. गुंताबाईनं मक्याची कणसं आणली होती. ती तशीच सुकली.

दुकानदाराकडे परत करायची एक दुर्बीण माळ्यावर राहून गेली होती, कड्याची. मी ती वर नेते. ठोकळ्यावर बांधते, गोधड्या बाजूला ठेवते आणि डोळा लावते. उजवा, मग डावा. चिमणी दिसते, शिडी दिसते. मी कडं फिरवते. बंधारा मोठा होतो. परत फिरवते. लहान होतो.

डोळा दुखेपर्यंत मी बघते. ऊन पूर्ण जाईपर्यंत बघते. एकदा तरी पाठमोरा दिसावा.

बंधाऱ्यावर आता कोणी नसतं.